शत्रूच्या घरचं मीठ

कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे तपासायची सवय आपल्या सगळ्यांच्याच हाताला असते. नवऱ्याच्या खिशात बसचं तिकीट, सुटे पैसे. मुलाच्या खिशात पेनचं टोपण, नाहीतर चार घड्या घातलेली एखादी चिठ्ठी. मी तर कित्येकदा ती चिठ्ठी उलगडून वाचलेली आहे, खोटं कशाला सांगू! पण मैत्रिणींनो, मुलगा परत येणारच नसेल आणि त्याचं नुसतं सामान घरी आलं असेल, तर त्यातले कागद कुठल्या हातांनी उलगडायचे?

इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात जॅनेटा सोर्ली नावाच्या आईवर ही वेळ आली. पहिलं महायुद्ध चालू होतं. तिचा मुलगा चार्ल्स १३ ऑक्टोबर १९१५ रोजी फ्रान्समध्ये मारला गेला, विसाव्या वर्षी. मागाहून त्याचं सामान घरी आलं. त्यात एक कविता होती. आणि त्या कवितेत, आपल्यासारखे सैनिक मेले की मागे राहिलेल्यांनी काय करू नये, हेच त्यानं लिहून ठेवलं होतं. मेलेल्यांचं कौतुक करू नका, त्यांना ऐकू येत नाही. रडू नका, त्यांना दिसत नाही. गोड गोड शब्दांनी स्वतःची समजूत घालू नका. ते मेले आहेत, एवढंच म्हणा.

आईच्या वाट्याला आलेला मुलाचा शेवटचा कागद आणि त्यात हे! पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला त्या मुलाचा रागच आला होता. आईला थोडं तरी मऊ बोलावं की नाही? पण त्याची पत्रं वाचत गेले आणि राग ओसरत गेला. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. त्याची आणि त्याच्या आईचीही.

चार्ल्स हॅमिल्टन सोर्ली स्कॉटलंडचा. जन्म ॲबर्डीनचा, १९ मे १८९५ चा. जुळ्यांतला एक. जुळ्या भावाचं नाव केनेथ, आणि या दोघांवर जीन नावाची मोठी बहीण. वडील विल्यम सोर्ली तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. १९०० साली त्यांना केंब्रिज विद्यापीठात मोठं पद मिळालं आणि बिऱ्हाड इंग्लंडला हललं. मुलं तेव्हा पाच वर्षांची होती. घर इंग्लंडात आलं तरी चार्ल्स स्वतःला स्कॉटिशच समजायचा. आपल्याकडे नाही का, मुंबईत जन्म काढला तरी माणूस गाव विचारल्यावर मालवण नाहीतर कराड सांगतो, तसं.

लहानपणी ही मुलं शाळेत गेलीच नाहीत. जॅनेटाबाईंनी त्यांना घरीच शिकवलं. गाणी म्हणायची, नाचायचं, आपल्या पोवाड्यांसारखी जुनी स्कॉटिश कथागीतं पाठ करायची, बायबलमधले उतारे म्हणायचे, शेक्सपिअर वाचायचा. पाठांतराची ही शिदोरी चार्ल्सला जन्मभर पुरली. जन्मभर म्हणजे किती, तर आणखी दहा वर्षं.

मग तो शाळेत गेला, आणि १९०८ साली शिष्यवृत्ती मिळवून मार्लबरो इथल्या मोठ्या निवासी शाळेत दाखल झाला. मुलगा हुशार, पण पुस्तकातला किडा नव्हे. त्याला वेड होतं पळण्याचं. शाळेमागे मैलोगणती पसरलेली उघडी, गवताळ टेकाडं होती. तिथं वारा सुटला, पाऊस कोसळायला लागला की बाकीची मुलं आत यायची आणि हा बाहेर पडायचा. भिजत, धापा टाकत टेकड्या तुडवायच्या आणि परत येऊन त्यावर कविता लिहायची. पळण्यावरची त्याची एक छोटी कविता पुढे इंग्रजी शाळांतल्या कितीतरी मुलांनी पाठ केली. पळणारे बक्षिसासाठी पळत नाहीत, पळावंसं वाटतं म्हणून पळतात, एवढंच त्यात आहे.

शाळेत त्याला मानाची जागा मिळाली. लहान मुलांवर देखरेख करायची, हुकूम सोडायचे, असा सगळा थाट. पण त्यालाच ते खटकायला लागलं. इथं राहून मी सुखावतोय, माझा अहंकार वाढतोय, असं त्यानं घरी कळवलं आणि १९१३ च्या डिसेंबरात शाळा सोडली. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती हातात होती. पुढे काय करायचं असं विचारलं, तर मोठ्या हुद्द्यापेक्षा कामकरी माणसांच्या वर्गात शिकवायला आवडेल, असं त्याच्या मनात होतं. अठरा वर्षांचं पोर!

ऑक्सफर्डला जाण्याआधी सात-आठ महिने मोकळे होते. आई-वडिलांनी त्याला जर्मनीला धाडलं. भाषा शिकेल, जग बघेल. जानेवारी १९१४ मध्ये तो श्वेरीन या गावी एका जर्मन कुटुंबात राहायला गेला.

त्याच्या आयुष्याला वळण लागलं ते इथं, असं मला वाटतं. परक्या देशाबद्दल पुस्तकात वाचणं वेगळं आणि तिथल्या बाईच्या हातचं रोज जेवणं वेगळं. त्या घरातल्या गप्पा, त्यांच्या पद्धती, त्यांचं साहित्य, सगळं त्याला आवडून गेलं. आईला तो लांबलचक पत्रं लिहायचा. एकदा संध्याकाळी जर्मन शिपायांची एक तुकडी गाणी म्हणत रस्त्यानं चालली होती. त्या सुरांनी तो इतका भारून गेला की घडीभर त्याला आपण जर्मनच आहोत असं वाटलं, आणि या देशासाठी मरायलाही हरकत नाही असं वाटलं. हेही त्यानं घरी कळवलं. वर असंही कळवलं की इंग्लंडबद्दल आपल्याला असं कधी वाटलेलं नाही. गाणं थांबल्यावर ती भावनाही विरून गेली, हे सांगायलाही तो विसरला नाही.

दोन वर्षांच्या आत त्याच देशाच्या गोळीनं तो मरणार होता.

एप्रिलच्या अखेरीस तो येना इथल्या विद्यापीठात शिकायला गेला. तिथंही सगळं गोड होतं असं नाही. दारू पिऊन तलवारींनी द्वंद्वं खेळणारी, चेहऱ्यावरच्या जखमा मिरवणारी विद्यार्थ्यांची टोळकी त्याला मुळीच आवडली नाहीत. ज्यांच्यावर त्यानं जीव लावला त्यांचे दोषही तो बघत होता. आपण आपल्या माणसांचे बघतो तसेच.

जुलै संपता संपता एका मित्राबरोबर तो मोझेल नदीच्या खोऱ्यात पायी भटकंतीला निघाला. युरोपभर युद्धाचे ढग जमले होते, आणि ही दोन पोरं पाठीवर पिशव्या टाकून द्राक्षमळ्यांच्या मुलखात हिंडत होती! ऑगस्टच्या सुरुवातीला त्रीर शहरात जर्मनांनी दोघांना पकडून कोठडीत टाकलं. काही तासांनी सोडलं आणि देशाबाहेर जायला सांगितलं. मजल दरमजल करत चार्ल्स घरी पोचला, तोवर इंग्लंड आणि जर्मनी यांच्यात युद्ध जाहीर झालं होतं. काल ज्यांच्या ताटात जेवला, ते आज शत्रू!

मग त्यानं काय केलं? लगेच सैन्यासाठी अर्ज केला. सफोक रेजिमेंटच्या सातव्या बटालियनमध्ये त्याला सेकंड लेफ्टनंट म्हणून घेतलं.

इथं मी अडखळले. जर्मनांवर एवढी माया, तर बंदूक कशाला हाती घेतली? त्याची पत्रं वाचली की कळतं, हा प्रश्न त्यालाही छळत होता. देशासाठी छाती फुगवून आपण गेलो, असं त्यानं कधी म्हटलं नाही. लोक काय म्हणतील या धाकाचं ते गाडं भलंमोठं असतं, त्याच्या चाकाखाली माणूस किड्यासारखा चिरडतो, अशी त्याची कबुली होती. आळसाशी आणि मूर्खपणाशी लढायला हवं होतं ते सोडून आपण युद्धाला निघालो, हा एक प्रकारे आपला भित्रेपणाच आहे, असंही त्यानं लिहिलं. लोक काय म्हणतील! हे वाक्य आपल्या किती ओळखीचं आहे ना? बायकाच त्याच्याखाली दबतात असं आपल्याला वाटतं. विशीतला, शिकलेला, पुरुष जातीचा मुलगाही त्याच जात्यात भरडला गेला.

या युद्धाकडे तो दोन बहिणींमधलं भांडण म्हणून बघत होता. बायबलमध्ये मार्था आणि मेरी अशा दोन बहिणी आहेत. घरी येशू ख्रिस्त पाहुणा म्हणून येतो, तेव्हा मार्था कामाच्या रगाड्यात बुडते आणि बहीण मदतीला येत नाही म्हणून कुरकुरते. मेरी मात्र काम टाकून पाहुण्याचं बोलणं ऐकत बसते. चार्ल्सच्या मते जर्मनी ही मार्था, कामाला वाघ पण दुसऱ्याचं चालवून न घेणारी. इंग्लंड ही मेरी, मनानं मऊ पण ढिसाळ. दोघींपाशी एकेक गुण आणि त्या गुणाच्या पाठीला पाठ लावून आलेला एकेक दोष. आता सांगा, बहिणींच्या भांडणात एकीला राक्षसीण कसं ठरवायचं?

युद्धाच्या पहिल्याच महिन्यांत त्यानं जर्मनीला उद्देशून एक सुनीत लिहिलं. तुम्हीही आंधळे आणि आम्हीही आंधळे, दोघं एकमेकांना ठेचकाळतो आहोत. कधीतरी शांतता येईल, तेव्हा एकमेकांचं खरं रूप दिसेल आणि हात हातात घेता येईल, असा त्याचा आशय. गल्लीगल्लीत जर्मनांच्या नावानं शिव्याशाप चालू असताना, अंगावर खाकी गणवेश असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलानं हे लिहावं!

३० मे १९१५ रोजी त्याची पलटण फ्रान्सला पोचली. मग खंदक, चिखल, रात्रीची गस्त. आईला, वडिलांना, मित्रांना पत्रं चालूच होती. त्यांत थट्टा असायची, पुस्तकांबद्दल असायचं, आणि मधेच एखादं वाक्य काळजात रुतायचं. एका मित्राला त्यानं रात्रीच्या गस्तीबद्दल लिहिलं. अंधारात जखमी माणसं शोधत जायचं, आणि पुढचा माणूस मेलेला आहे असं दिसलं की मनात काय येतं? सुटलो! आता याला गोळीबारात उचलून न्यायला नको, नुसतं ओढत नेलं तरी चालेल. हा विचार आपल्या मनात येतो, याचीच त्याला भीती वाटत होती. युद्ध माणसाचं काय करतं, ते त्यानं स्वतःवरूनच सांगितलं.

त्या सुमारास इंग्लंडात रूपर्ट ब्रूक या देखण्या तरुण कवीचा फार बोलबाला होता. देशासाठी मरण किती सुंदर, अशा त्याच्या कविता होत्या, आणि एप्रिल १९१५ मध्ये लष्करी सेवेतच तो आजारानं गेला. सारा देश हळहळला. चार्ल्सनं मात्र आईला लिहिलं की हा कवी स्वतःच्या त्यागावर जरा जास्तच खूश आहे. वेळ आली म्हणून जे करावं लागतं ते त्यानं केलं, त्याचा एवढा गाजावाजा कशाला? चार्ल्स तेव्हा अजून आघाडीवर गेलाही नव्हता.

जॅनेटाबाई मुलाच्या कविता जपून ठेवत होत्या. त्यांचं छोटंसं पुस्तक काढावं, असं त्यांनी त्याला सुचवलं. त्यानं नको म्हटलं. घाईघाईत लिहिलेलं आहे, खिशात राहून मळलेलं आहे, युद्ध संपेपर्यंत तरी राहू दे, असं त्याचं उत्तर. आई गप्प बसली.

ऑगस्टमध्ये तो कॅप्टन झाला. वय वर्षं वीस. सप्टेंबरच्या २५ तारखेला लोसची लढाई सुरू झाली. तिथं स्कॉटिश पलटणी फार मोठ्या संख्येनं लढल्या, आणि स्कॉटलंडमधल्या कितीतरी गावांत एकाच आठवड्यात अनेक घरांवर दुःखाचे डोंगर कोसळले. त्या लढाईत ब्रिटिश बाजूचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून पन्नास हजारांच्या वर गेले. हाती फारसं काही लागलं नाही. १३ ऑक्टोबरला हुलुक गावाजवळच्या हल्ल्यात चार्ल्स आपल्या कंपनीच्या पुढे होता. दबा धरून बसलेल्या नेमबाजाची गोळी त्याच्या डोक्यात लागली. त्याचा देह पुढे कधीच सापडला नाही. लोसच्या स्मारकाच्या भिंतीवर, कबर नसलेल्या वीस हजारांहून अधिक सैनिकांची नावं कोरली आहेत, त्यांत त्याचं एक.

कबर नाही, अंत्यसंस्कार नाही, शेवटचं तोंड पाहणं नाही. आणि सामानात ती कविता. कौतुक नको, रडणं नको.

आता त्या आईनं काय करावं? मला विचाराल तर तिच्यापुढे सोपी वाट होती. मुलगा देशासाठी हसत हसत गेला, असं म्हणायचं. चांगल्या चांगल्या ओळी निवडून छापायच्या, बोचणाऱ्या गाळायच्या. कुणी दोष दिला नसता. लाखो आया त्या काळी तसंच म्हणत होत्या, आणि तेवढाच त्यांना आधार होता. मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्या जागी मी असते तर कदाचित तेच केलं असतं.

जॅनेटाबाई आणि त्यांच्या यजमानांनी तसं केलं नाही. जानेवारी १९१६ मध्ये, मुलगा जाऊन तीन महिने होतात न होतात तोच, त्यांनी त्याच्या कवितांचं पुस्तक केंब्रिजहून प्रसिद्ध केलं. जिवंतपणी त्यानं नको म्हटलेली गोष्ट आईनं केली. पण केली ती त्याच्या अटीवर. जर्मनीला उद्देशून लिहिलेलं सुनीत त्यात आलं. मेलेल्यांचं कौतुक करू नका म्हणणारी शेवटची कविताही आली. युद्ध ऐन भरात होतं. जर्मन नावाचा नुसता वास आला तरी लोक दुकानं फोडत होते. अशा दिवसांत आमचा मुलगा शत्रूलाही आपल्यासारखाच आंधळा माणूस समजत होता, हे त्यांनी चारचौघांत मांडलं. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

१९१९ मध्ये त्याच्या पत्रांचं पुस्तक आलं. त्यात आईनं त्याच्या आयुष्यावर एक प्रकरण लिहिलं. जर्मन शिपायांचं गाणं ऐकून तो भारावला होता ते, आपल्या भित्रेपणाची त्याची कबुली, प्रेत पाहून सुटलो म्हणणं, सारं त्या पत्रांत आहे. तिनं मुलाचा फोटो पुसून पुसून देव केला नाही. होता तसा ठेवला.

पुढे मोठमोठ्या कवींनी त्याला मानलं. युद्धातून जिवंत परतलेल्या रॉबर्ट ग्रेव्हज या कवीनं, त्या युद्धात मारल्या गेलेल्या खऱ्या महत्त्वाच्या तीन कवींमध्ये सोर्लीचं नाव घेतलं. ११ नोव्हेंबर १९८५ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोळा कवींची नावं असलेली शिळा बसवली गेली. तिच्यावर तो आहे. जिच्यावर त्यानं टीका केली त्या रूपर्ट ब्रूकच्या नावाची सोबत त्याला तिथंही आहे.

लोसपासून फार लांब नाही अशा नव्ह शापेल गावी आपल्या हिंदुस्थानी सैनिकांचंही स्मारक आहे. फ्रान्स-बेल्जियममध्ये लढून मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४,७०० हून अधिक जणांची नावं त्यावर आहेत. आपल्या मराठा पलटणी मुख्यतः आजच्या इराकच्या बाजूला लढल्या. साताऱ्याकडे, कोकणात अजून काही गावांत दगडी पाटी दिसते : या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांतले इतके कामी आले. नुसते आकडे. त्यांच्याही आया होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मुलाचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागत होतं. त्यांच्या मुलांना युद्धाबद्दल खरं काय वाटलं, समोरच्या शत्रूबद्दल काय वाटलं, ते कोण जपून ठेवणार होतं? म्हणूनच केंब्रिजच्या त्या बाईचं मला मोल वाटतं. तिला लिहिता येत होतं, छापता येत होतं, आणि तिनं ते खरं सांगण्यासाठी वापरलं.

त्या शेवटच्या कवितेबद्दलचा माझा राग आता गेला आहे. आईला कठोर बोलावं म्हणून त्यानं ती लिहिली नव्हती. आपल्या मरणाच्या नावानं कुणी आणखी पोरांना युद्धावर धाडू नये, एवढंच त्याला हवं असावं, असं मला वाटतं. ज्यानं शत्रूच्या घरचं मीठ खाल्लं होतं, त्याला ते मीठ विसरता आलं नाही. आणि मुलाचा शब्द पाळताना आईनंही आपलं दुःख गोड करून घेतलं नाही.

जॅनेटाबाई त्याच्यासाठी रडल्या असतीलच. हा एक शब्द त्यांनी पाळला नसेल, आणि तेवढं चालायचंच.